अकरा पावलं

"कुत्र्याचीच चूक हाय," आप्पा म्हणाले. डावा हात गळ्यात बांधलेला, आणि कडक भाकरी काही एका हातानं मोडत नाही. सासूबाईंनी ती चुरून त्यांच्या ताटात टाकली.

"व्हय की. त्येच्याकडं लायसन नसंल," त्या म्हणाल्या.

मला हसू आलं, पण माझा नवरा श्रीशैल हसला नाही. "आप्पा, हात बरा झाला की गाडी विकायची. माल टेम्पोनं जाईल."

"माल टेम्पोनं जाईल रे," आप्पा हळूच म्हणाले, "मी कशानं जाऊ?"

माझे सासरे मल्लप्पा एकेचाळीस वर्षं मोटारसायकलच्या मागं चादरी-टॉवेलचे गठ्ठे बांधून मोहोळ, मोडनिंब, बार्शीच्या दुकानांत फिरत होते. कुठल्या दुकानदाराच्या मुलीचं लग्न ठरलं, कुणाची साखर वाढली, हे त्यांना त्या त्या घरच्यांच्या आधी कळायचं. मोहोळच्या अलीकडं कुत्रं आडवं आलं, गाडी घसरली, खांद्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ते दारातल्या गाडीकडं बघत बसायचे, आजारी बैलाकडं बघावं तसे.

मी तेव्हा स्कूटर शिकायला जायला लागले होते. आमची लेक सृष्टी सात महिन्यांची. पुढच्या महिन्यात शाळेत पुन्हा रुजू व्हायचं होतं आणि रोज दोन रिक्षा बदलणं जमणार नव्हतं. रविवारी सकाळी मैदानावर सिद्धेश्वरी मॅडम बायकांना गाडी शिकवत. सासूबाईंच्या गुडघ्यांना मैदान झेपत नव्हतं, म्हणून बाळाला सांभाळायला आप्पांना नेलं.

"एकेचाळीस वर्षं गाडी चालवली, आता बायकांच्या शाळेत बसतो," म्हणत ते सृष्टीला मांडीवर घेऊन लिंबाखाली बसले.

मॅडम म्हणाल्या, "आज गाडी चालवायला शिकायचं नाही. थांबायला शिकायचं."

त्यांनी मोटारसायकल काढली, चाळीसच्या वेगानं आणली आणि रोवलेल्या काठीपाशी येताच फक्त पायातला मागचा ब्रेक दाबला. टायर किंचाळलं, गाडीची शेपूट हलली, आणि कुठल्या कुठं जाऊन ती थांबली. तिथं त्यांनी चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ मारली. मग तेवढ्याच वेगानं पुन्हा आल्या. या वेळी हातातला पुढचा आणि पायातला मागचा, दोन्ही. गाडी नाक खाली करून थांबली. दुसरी रेघ पहिलीच्या किती तरी अलीकडं पडली.

"पण मॅडम, पुढचा ब्रेक मारला की पलटी होते ना?" एकीनं विचारलं.

"कोण म्हणालं?"

कुणी म्हणालं नवरा, कुणी भाऊ, कुणी दीर. मी म्हणाले, "सासरे." सगळ्याजणी लिंबाकडं वळून बघायला लागल्या. आप्पांनी सृष्टीचं टोपडं नीट करायला घेतलं.

"झटक्यानं आवळला तर होते. वळणावर, खडीवर होते. सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक दाबायचे, आणि पुढचा हळूहळू वाढवत न्यायचा. म्हशीच्या सडाला हात लावतो तसा. झटका दिला की लाथ बसणारच."

बायका हसत होत्या. तेवढ्यात माझं लक्ष गेलं. आप्पा उठले होते. सृष्टीला उजव्या हातावर घेऊन ते एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत चालत गेले. मग परत आले. पुन्हा गेले.

घरी आल्यावर मी बाळाला पाळण्यात ठेवलं तेव्हा उंबऱ्यात येऊन म्हणाले, "काव्या, अकरा पावलं भरली."

"काय, आप्पा?"

"दोन रेघांच्या मधी. आन मी कुत्र्याला धडकून चार पावलांवर पडलो व्हतो. चारच. दोन्ही ब्रेक मारले असते तर त्येच्या अलीकडंच थांबलो असतो. कुत्र्याची चूक न्हाय."

मग सगळंच बाहेर आलं. तरुणपणी मोडनिंबजवळ खडीवर त्यांनी पुढचा ब्रेक गच्च आवळला आणि हँडलवरून उडून पडले. त्या दिवसापासून घरात आलेल्या प्रत्येक गाडीच्या पुढच्या ब्रेकची तार ते स्वतः ढिली करून ठेवत. दांडी दाबली तर नुसती लोळायची. आणि आमच्या गल्लीतली निम्मी माणसं आप्पांच्याच गाडीवर शिकलेली. पहिला धडा तोच: पुढच्या ब्रेकला हात लावायचा न्हाय.

हाड जुळल्यावर ते गुरप्पा मिस्त्रीकडं गेले. गुरप्पानं पान्हा खाली ठेवला. "आप्पा, आजवर तार ढिली करायला यायचा. आज घट्ट? तब्येत बरी हाय न्हवं?"

"गप कर घट्ट. आन शिकवू नको."

शिकणं मात्र सोपं नव्हतं. मॅडमच्या मैदानावर पहिल्या रविवारी काठी आली की त्यांची चार बोटं दांडीवर जायची आणि तिथंच लाकडासारखी ताठ व्हायची. पाय मात्र जुन्या सवयीनं खाली आपटायचा. "बोटंच ऐकंनात," ते घाम पुसत म्हणाले. मॅडमनी त्यांना काठीऐवजी पलीकडच्या चिंचेकडं बघायला लावलं. "काका, ज्याला घाबरता त्याच्याकडं बघता, म्हणून त्यावरच जाता. खड्ड्याचंही तेच. जायचंय तिकडं बघा." रोज संध्याकाळी ते दारात उभ्या गाडीवर बसून दांडी दाबत राहायचे, हळू, सोड, हळू, आणि सृष्टी पायरीवरून टाळ्या वाजवायची. आरशाला लटकणारं हेल्मेटही आता डोक्यावर आलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "गाडी उभी हाय की! टोपरं कशाला?"

सातव्या रविवारी श्रीशैल गाडी बघायला मोहोळच्या युवराज नावाच्या गिऱ्हाईकाला घेऊन थेट मैदानावर आला. आप्पांनी त्याला रामराम केला आणि गठ्ठ्यातली लाल, मोराची चादर काढून अलीकडच्या रेघेला लागून पसरली.

"चाळीसनं येतो. काठीपाशी ब्रेक. चाक चादरीला लागलं तर आत्ता गाडी न्या."

"आप्पा, कशाला..." श्रीशैल म्हणाला, पण ते निघालेही होते.

लांबून गाडी वळली. हेल्मेटमधला चेहरा दिसत नव्हता, फक्त ताठ पाठ आणि चिंचेकडं लागलेली नजर. मी सृष्टीला इतकं घट्ट धरलं की ती कुरकुरली. काठी आली. पाय खाली गेला, आणि या वेळी बोटंही मिटली. हळूहळू, मग घट्ट. गाडीनं नाक वाकवलं आणि थांबली.

चादरीच्या दशा वाऱ्यानं हलत होत्या. चाक वीतभर अलीकडं होतं.

बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मॅडमनी तोंडात बोटं घालून शिट्टी मारली! युवराजनं चादर उचलून झटकली, घडी घालून आप्पांच्या हातात दिली आणि श्रीशैलला म्हणाला, "ही गाडी इकायची न्हाय ओ. मी दुसरी बघतो."

श्रीशैल आपल्या गाडीला टेकला आणि म्हणाला, "आप्पा, मलाही तुम्हीच शिकवलंय."

"व्हय," आप्पा म्हणाले. "चुकीचं."

त्यांनी श्रीशैलच्या गाडीची दांडी दाबली. ती नुसतीच लोळली.

त्या आठवड्यात आप्पा गल्लीत घरोघर गेले. दारात उभं राहून एकच वाक्य: "मी तुला ब्रेक चुकीचा शिकवला. रविवारी मैदानावर ये." काही हसले, काही म्हणाले एवढं काय त्यात. गुरप्पानं तारा ओढून ओढून बोटं दुखल्याची तक्रार केली. सगळ्यात शेवटी ते गुंडाकाकांकडं गेले. मीही बरोबर होते. गुंडाकाका बार्शी रोडला उसाच्या ट्रॉलीवर आदळले त्याला वीस वर्षं झाली. डावा पाय तेव्हापासून आखूड.

"गुंडा, मी तुला चुकीचं शिकवलं," आप्पा म्हणाले आणि उभेच राहिले.

"तवा शिकवणारं दुसरं कोण व्हतं, आप्पा?" गुंडाकाकांनी खुर्ची पुढं सरकवली. "बसा. च्या घ्या."

रविवारी गल्लीतल्या चौदा गाड्या मैदानावर लागल्या. फक्कीच्या रेघा या वेळी आप्पांनी मारल्या. गुंडाकाकांना गाडी चालवायची नव्हती, तरी आले.

"अंतर दावा," ते म्हणाले.

दोघं पहिल्या रेघेवरून निघाले. एक लंगडत, एक त्यांच्या शेजारून. मी लांबून मोजत होते.

"पंधरा," दुसऱ्या रेघेवर थांबून गुंडाकाका म्हणाले. "तुमची किती?"

आप्पा गुंडाकाकांच्याच चालीनं चालले होते. त्यांचीही पंधराच झाली होती.