जाताना दोन, येताना तीन

"जाताना दोन तिकिटं काढ, येताना तीन," बनुबाई म्हणाल्या आणि पुन्हा लसूण सोलायला लागल्या.

रेश्माने मोबाइलमधून मान वर काढली. सासूबाई बोलण्यात चुकत नाहीत हे तिला पंचवीस वर्षांच्या संसारातून माहीत होतं. म्हणून तर तिने खात्री करून घेतली.

"आत्या, तिसरं कुणाचं?"

"आबाचं. त्याला आनायलाच चाललोय न्हवं? का नुस्तं हात जोडून म्हागारी यायचं? त्यापरीस जोतिबा जवळ हाय."

"आवं, पण गेलेल्या माणसाचा पासपोर्ट कुठनं काढू मी?"

"काढशील. रेल्वेकडनं बुडाल्यालं पैसं काढतीस, तुला काय अवघड हाय?"

रेश्माची ही एक ख्याती होती. सांगलीत विश्रामबागेच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये कुणालाही कुठं जायचं असलं की आधी तिचं दार वाजायचं. टाळेबंदीत घरी बसून, मोबाइलवर बोटं मारून मारून ती सगळं शिकली होती. कुठली गाडी कधी उघडते, कुठलं विमान कुठल्या वारी स्वस्त, एकाच तिकिटाचे दोन तुकडे केले की किती वाचतात. पैसे घ्यायची नाही. बायका ब्लाउजपीस देऊन जायच्या. कपाटात आता अठ्ठावन्न ब्लाउजपीस होते आणि त्यांवर नेसायला एकही साडी नव्हती. नवरा उदयसिंह, फौजेतून निवृत्त झालेला, म्हणायचा, "आख्खी बिल्डिंग फिरून आली. तू तेवढी मिरजेच्या पुढं गेली नाहीस."

आता ती इटलीला निघाली होती. बनुबाईंच्या बापासाठी.

आकाराम त्रेचाळीस साली फौजेतून तिकडं लढायला गेला. बनुबाई तेव्हा आईच्या पोटात होत्या. पुढच्या वर्षी एक कागद आला, मागून एक पदक आलं. आईने दोन्ही पत्र्याच्या डब्यात ठेवून दिले. "मानूस न्हाई, राख न्हाई, कागदाला काय जाळू?" म्हणाली, आणि घराच्या दाराला कडी लावायची तिने सोडून दिली. तो कधी आला तर ताटकळायला नको. पोर एकुलती, म्हणून जावई घरी आणला. आई गेल्यावर बनुबाईंनी तेच चालवलं. कोरेगावजवळच्या गावातलं, बनुबाई अजून एकट्याच राहायच्या ते घर दोन खोल्यांचं. कौलं गेली, स्लॅब आला, फरशी आली, पण दार जुनंच राहिलं. दिवसरात्र बोटभर उघडं.

त्या दाराचं रेश्माला नवी नवरी असल्यापासून कोडं होतं. चोर आला नाही, ते एक असो. पण कुत्रंसुद्धा कधी आत शिरलं नव्हतं. उंबऱ्यापाशी यायचं, मान वर करून कुणाकडं तरी बघितल्यासारखं करायचं आणि शेपूट घालून निघून जायचं. आणि वारा कितीही सुटो, ते दार कधी आपटायचं नाही. कुणीतरी हात लावून धरल्यासारखं बोटभरच उघडं राहायचं. लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात, एका दुपारी, केस विंचरायला म्हणून तिने कडी लावली होती. बनुबाई अर्ध्या ताटावरून उठल्या, उष्ट्या हाताने कडी काढली आणि पुन्हा जेवायला बसल्या.

"आत्या, आत्ताच का पण?" रेश्माने लसणाची टरफलं गोळा करत विचारलं. "एवढ्या वर्षांत कधी नाव काढलं नाहीत."

"ब्याऐंशी झाली मला. माझ्यामागं दार कोन उघडं ठेवनार? तू? तू तर गॅसचं बटन दोनदा बंद करतीस." बनुबाई हसल्या, पण डोळे हसले नाहीत. "कडी लागायच्या आत त्याला घरात घ्यायचा हाय, बास."

मग रेश्मा कामाला लागली. स्वस्तात जायचं तर वेळ हाताशी लागतो, तो दोघींकडे भरपूर होता. फेब्रुवारीत तिकडं थंडी, म्हणून गर्दी नाही आणि विमानं स्वस्त. थेट न जाता आखातात नऊ तास ताटकळायचं ठरवलं, तर माणशी अठरा हजार वाचत होते. "नऊ तास? यष्टी स्टँडवर मी त्यापरीस जास्त बसलीय," बनुबाई म्हणाल्या. रोममध्ये हॉटेल परवडेना, पण जोगिणींच्या मठात खोली मिळत होती. पांढऱ्या कपड्यातल्या ख्रिस्ती जोगिणी, नाश्ता फुकट, रात्री दहाला दार बंद. "बंद?" बनुबाईंनी एवढंच विचारलं. तिथून समुद्राच्या बाजूला जाणारी बस, मग लष्कराची स्मशानभूमी. तिथल्या माणसाने भिंतीचा फोटो पाठवला होता. दगडात नावंच नावं, आणि त्यात आकाराम. बनुबाईंनी स्क्रीनवर बोट ठेवलं तर फोटो सरकला आणि नाव बाजूला गेलं. "बघ, थांबतच न्हाई," त्या म्हणाल्या.

व्हिसासाठी पुण्याला जावं लागलं. ठसे घेणाऱ्या पोरीने बनुबाईंची बोटं काचेवर चार वेळा दाबली. मशीनला एक रेघ दिसेना.

"आजी, रेषाच नाहीत हो तुमच्या."

"उसाच्या पाल्यानं खाल्ल्या, बाय. दुसऱ्या कुनाच्या चालत्याल का?"

पाचव्यांदा उमटल्या.

तिसऱ्या तिकिटाचं मात्र रेश्माला टाळता येईना. शेवटी तिने आपल्या पोतडीतली एक युक्ती काढली. तीनच्या रांगेत एकीने खिडकी घ्यायची, एकीने कडेची. मधली एकटी सीट सहसा कुणी मागत नाही. विमान भरलं नसलं तर ती रिकामी राहते. येतानाच्या विमानात तिने तशाच दोन घेतल्या.

"मधी आबा," बनुबाई समाधानाने म्हणाल्या. "खिडकी माझी. त्यानं बघितलंय समदं."

राहिली तारीख. सगळ्यात स्वस्त दिवस निघाला तो मंगळवार, आणि मंगळवारी अमावस्या.

"इमानवाल्यास्नी पंचांग न्हाई व्हय?"

"आहे की. म्हणून तर त्या दिवशी स्वस्त."

"मग पस्तान ठेवावं लागंल."

प्रस्थान रेश्माला ऐकून माहीत होतं. निघायचा दिवस वाईट असेल, तर आधीच्या चांगल्या दिवशी आपल्या कपड्याच्या तुकड्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधून ते गाठोडं शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे माणूस त्या दिवशीच निघाला असं होतं. खरं निघताना ते उचलायचं आणि तसंच पुढं जायचं. एकदा ठेवलेलं गाठोडं परत घरात आणायचं नाही, आणि उचलल्याशिवाय गाव सोडायचं नाही.

"आबानं ठेवल्यालं," बनुबाई म्हणाल्या. "ह्या शेजारच्या हरिबाच्या आज्याच्या घरी, कोनाड्यात. रजा संपली त्यो दिस वंगाळ हुता. तर फौजेची गाडी येळंच्या आदीच वड्याच्या पल्याड येऊन हुबी ऱ्हायली. ह्यो तसाच पळाला. पस्तान तितंच. आई गाठुडं घिऊन वड्यापातुर धावली, पन गाडीचा नुस्ता धुरळा. घरात तर न्हेता येत न्हाई. मग पुन्ना कोनाड्यात ठिवून आली. बघितलंस न्हवं पुढं काय झालं?"

शुक्रवारी सकाळी दोघी हरिबाच्या घरी गेल्या. सत्तरी ओलांडलेला हरिबा बनुबाईंना आक्का म्हणायचा. त्याने कोनाडा पुसून ठेवला होता. बनुबाईंनी हिरव्या खणात बांधलेलं आपलं गाठोडं आत ठेवलं. रेश्माचं वेगळं नको म्हणाल्या, "तू माझ्याच पदराला बांधल्याली." दुपारच्या गाडीने रेश्मा बॅगा भरायला सांगलीला परतली.

शनिवारी सकाळी हरिबाचा फोन आला.

"सूनबाय, आक्काचं पस्तान एक ठिवलंत का दोन?"

"एकच की. का हो मामा?"

"न्हाई, म्हनलं इचारावं." पण तो फोन ठेवेना. मागे कोंबड्या ओरडत होत्या. "तुमी कवा येताय?"

"सोमवारी."

"जरा लवकर या," हरिबा म्हणाला.

सोमवारी रेश्मा बॅगांसकट पोहोचली तेव्हा बनुबाई हरिबाच्या सोप्यात कोनाड्याकडं तोंड करून बसल्या होत्या. हरिबा अंगणात उभा होता. स्वतःच्याच घरात जायला त्याची तयारी दिसेना.

कोनाड्यात दोन गाठोडी होती. हिरव्या खणाला टेकून खाकी कापडाचं एक.

"मामा, घरातल्या कुणी..."

"नातवंडांची आन घिऊन सांगतो. घरात मी आन म्हातारी. तिला तर कोनाड्यापातुर हात पुरत न्हाई."

"जुनं असेल. मागं कुठं अडकलेलं असेल."

"कुठं? जुनी भिंत भूकंपात पडली, सदुसष्ट साली. ह्यो कोनाडा मी केलाय, शिमिटाचा. मागं इटा हायत."

रेश्माने हात पुढं केला. कापड जुनं होतं, पण कुठं विरलेलं नव्हतं. आत तांदूळ चाचपले, एकाचाही भुगा झालेला नव्हता. बोट मागे घेतलं तर ते पिवळं झालेलं. हळद ओली होती.

"गाठ बघ," बनुबाई म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, भाजी निवडताना असावा तसा. "आई डावखुरी. तिची गाठ उलटी बसायची. माझ्या परकराची नाडी पन तिनं बांधली की मला सुटायची न्हाई. तिनंच बांधून दिल्यालं हे."

दाराबाहेर एक कुत्रं आलं, आत बघितलं आणि मागच्या पावली हळूहळू सरकत गेलं.

"येडी गं मी," बनुबाई म्हणाल्या. "त्याला आनायला निगालीय. आनायचा कुठनं? त्यो गेलाच न्हाई. देह तिकडं पडला, पन त्याचं निगनं हितं ऱ्हायलं."

रेश्मा त्यांच्याजवळ बसली. तिच्या तोंडून आपसूक निघालं, "मग राहू देत की इथंच. आत्या, दार मी उघडं ठेवीन. खरंच ठेवीन. दर महिन्याला येऊन बघत जाईन."

बनुबाईंनी तिच्याकडं बघितलं. तो मोह क्षणभर त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसला. जन्मभर ज्याची वाट बघितली तो इथंच होता, आणि कुणीतरी तो पुढंही सांभाळायला तयार होतं. मग त्यांनी मान हलवली.

"ऐंशी वर्सं उंबऱ्यात हुबा हाय त्यो. धड आत न्हाई, धड भायेर न्हाई. आमी दोघी मायलेकी म्हनायचो, दार उघडं हाय, येईल. त्यो यायला न्हवं, जायला खोळंबलाय. पाय दुखत नसत्याल?"

त्यांनी पदराने नाक पुसलं.

"तिकीट बदलतंय का?"

"काय बदलायचं?"

"जाताना तीन. येताना दोन."

नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीपाशी यायचं. रेश्मा तिथल्या पायरीवर बसली आणि उद्याच्या विमानाचा नकाशा उघडला. जाताना त्यांच्या दोन सीटा शेजारी शेजारी होत्या, खिडकी आणि मधली. तिने मधली सोडून कडेची घेतली. थोडे पैसे लागले, ते भरले. विमान निम्मं रिकामं होतं, पुढच्या मागच्या रांगा सगळ्या पांढऱ्या. ती बघत असतानाच त्यांच्या दोघींमधली, तिने आत्ताच सोडलेली ती सीट करडी झाली. कुणीतरी घेतलेली.

तिने स्क्रीन खाली ओढून पुन्हा बघितलं. करडीच. आजूबाजूचं सगळं रिकामं विमान सोडून कुणाला नेमकी तीच मधली सीट हवी होती? घेतली असेल कुणीतरी, तिने स्वतःला सांगितलं. हजार माणसं तिकिटं काढत असतात. मोबाइल पालथा घालून ती तिथंच बसून राहिली. घरी गेल्यावर बनुबाईंनी विचारलं, "झालं?" ती म्हणाली, "झालं."

मंगळवारी सकाळी बनुबाई हरिबाच्या उंबऱ्यावर दोन्ही हातात दोन गाठोडी घेऊन उभ्या राहिल्या. आता त्यांना घराकडं परतता येत नव्हतं.

"जा, कडी लावून ये," त्या म्हणाल्या. "आता आत कोन न्हाई."

रेश्मा एकटी गेली. दार बोटभर उघडं होतं. तिने ते ओढलं. हे दार जड असायला हवं होतं, कडी गंजलेली असायला हवी होती. पण ती नुकतीच कुणी तेल घालून ठेवल्यासारखी बिनआवाज कोयंड्यावर बसली. तिने कुलूप घातलं आणि सवयीने दोनदा ओढून बघितलं. चार पावलं गेली असेल नसेल, मागून वाऱ्याची झुळूक आली आणि दार खडखडलं. कुठल्याही बंद घराचं खडखडतं तसं. पंचवीस वर्षांत तिने त्या दाराचा आवाज पहिल्यांदा ऐकला. ती मागे न बघता चालत राहिली.

रस्त्यावर, ओढ्याच्या अलीकडे, साताऱ्याला जाणारी, सीट भरल्या की सुटणारी वडापची जीप उभी होती. बनुबाई मागच्या बाकावर खिडकीशी बसल्या होत्या, खाकी गाठोडं मांडीवर नाही, शेजारी ठेवलेलं. रेश्मा कडेला बसली. चालक टपावर बॅगा बांधून खाली उतरला आणि आत डोकावला.

"मावशे, सरका की जरा मधी. अजून एक शीट बसंल."

"भरल्यात तिन्ही," बनुबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "तिघांचं भाडं घे, आन वडा आला की गाडी हळू कर. तितं आई हुबी असंल."