केळीची सगळीच पिल्लं

नव्यानेच उभ्या राहिलेल्या एव्हरशाईन सिटीत सुधाकररावांनी तळमजल्याचं घर घेतलं, तेव्हापासून त्यांचा चष्मा, त्यांच्या गोळ्या आणि त्यांची अब्रू, तिन्ही त्यांचा गडी बाबूच सांभाळत होता. मागच्या वाफ्यात केळी लावल्या त्याही बाबूनेच. पण मुलीचं, स्वप्नाचं, लग्न ठरत असताना सुधाकरराव निर्मळ गावच्या आत्मारामांना सांगून बसले, "बाग माझ्या हातची." मुलाचे वडील आत्माराम पिढीजात बागायतदार. आज ते बाग बघून लग्नाची तारीख काढणार होते.

बाबू बाजारात गेला तशी सुधाकररावांनी कुदळ घेतली. मोठ्या केळीभोवती उगवलेली लहान रोपं त्यांनी तण समजून मुळासकट खणून काढली. एकही सोडलं नाही.

बाबू परतला आणि वाफ्याकडे बघतच राहिला.

"स्वच्छ झालं ना?"

"झालं की, साहेब. केळ एकदाच विते. घड उतरला की ती संपते, मग तिची पिल्लं वाढतात. तुम्ही तिचं घराणंच काढलंत."

सुधाकरराव पायरीवर मटकन बसले. "आत्मारामांना काय सांगू? लग्न मोडेल रे पोरीचं."

बाबूने पिल्लं ओल्या गोणपाटात गुंडाळली. "मुळं शाबूत आहेत. व्याह्यांना भेट म्हणून काढली म्हणायचं. आणि साहेब, जास्त बोलू नका. बोललात की फसता."

भेट बघून आत्माराम खूश झाले. मग वाफ्यापाशी गेले आणि थबकले. "सगळीच काढलीत? एक तरी आईजवळ ठेवतात, सुधाकरराव."

"साहेब देताना हात राखत नाहीत," बाबू लगेच म्हणाला.

उत्तर नामी होतं, निभावलंही असतं. पण दारात स्वप्ना उभी होती. तिकडे बघून सुधाकररावांना वाटलं, ही बापाच्या थापेवर सासरी जाणार, आणि ती थाप तिला जन्मभर सांभाळावी लागणार.

"थांब, बाबू," ते म्हणाले. "बाग याची आहे. पिल्लं मी तण समजून उपटली. मला केळीतलं खाण्यापलीकडे काही कळत नाही."

आत्मारामांनी त्यांचा हात उलटा करून पाहिला. तळव्यावर ताजे फोड होते. "हे मघाशीच दिसले होते. म्हटलं, बघू, स्वतः सांगता का." मग ते ओट्यावर टेकले. "चला, तारखेचं बोलू. बाबू, तूही ये."

बाबू उभाच राहिला. सुधाकररावांनी त्याला दंडाला धरून आपल्या शेजारी बसवलं.