दाराखालून विमान

माझा मुलगा दिग्विजय चाळीस दिवस त्याच्या खोलीतून बाहेर आला नव्हता. गुरुवारी सकाळी दाराशी ठेवलेलं ताट सलग दुसऱ्या दिवशी जसंच्या तसं पडून होतं. पोळी वाळून कडक झाली होती. आधी निदान अर्धी पोळी, चार घास भात एवढं तरी आत जायचं. मी ताट उचललं, स्वयंपाकघरात नेलं आणि ओट्याला धरून उभी राहिले. रडू आलं नाही. रडायलासुद्धा माणसाला थोडी उसंत लागते.

लोकांना आम्ही सांगायचो, त्याचं वर्क फ्रॉम होम चालू आहे. कर्वेनगरातल्या सोसायटीत एवढं कारण पुरतं. खरं असं की त्याच्या कंपनीने त्याची आख्खी टीम काढून टाकली. सत्तावीस वर्षांचा मुलगा, सात-आठ महिने मुलाखती देत राहिला, आणि मग एका सकाळी उठायचंच बंद केलं. दारामागे टेबल ओढून ठेवलं, रात्री आम्ही झोपल्यावर ते जरासं सरकवून ताट तेवढं आत घ्यायचा. खोलीला बाथरूम आतच, त्यामुळे बाहेर येण्याची गरजही नाही. फ्लॅट घेताना बिल्डरने 'अटॅच्ड आहे हो मॅडम' म्हणून किती कौतुकाने दाखवलं होतं. आता तो भेटला तर त्याला चार शब्द ऐकवेन.

दिगूचे बाबा, रामदास, कॉलेजच्या ऑफिसातून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. सुरुवातीला ते रोज सकाळी दाराबाहेर खुर्ची टाकून क्रिकेटचं पान मोठ्याने वाचायचे. आतून हूं नाही की चूं नाही. तिसऱ्या आठवड्यात वाचन थांबलं. खुर्ची तेवढी तिथेच राहिली आणि तेही तिच्यावर नुसतेच बसून राहायला लागले.

त्या गुरुवारी मी डॉक्टरांना फोन केला. मनाचे डॉक्टर. त्यांच्याकडे दिगूला न्यायचं म्हणून महिनाभर आम्ही तारखा घेत होतो आणि मोडत होतो.

"पाणी पितोय का?" त्यांनी विचारलं.

"नळाचा आवाज येतो."

"मग शनिवारी सकाळी दहाला घेऊन या. स्वतःहून आला तर उत्तम. नाही आला तरी आणायचं. आता आणखी वाट बघू नका."

दिगूच्या बाबांनी लगेच कात्रजला भाच्याला फोन लावला. पृथ्वीराज रोज जिममध्ये जातो, टेबलासकट दार ढकलायला तो एकटा पुरेल असा हिशेब.

"अहो, म्हणजे दार तोडून, हातपाय धरून न्यायचं त्याला?"

"मग काय करू? तू सांग, दीपमाला."

मला कशाची भीती होती ते सांगूनच टाकते. एक दिवस दार उघडू आणि उशीर झालेला असेल, ही एक. आणि दार तोडून त्याला ओढून काढलं तर तो पुन्हा कधी माझ्याकडे मान वर करून बघणार नाही, ही दुसरी. माझ्या हातात शनिवारपर्यंतचा वेळ होता, त्याच्या आत त्याने स्वतःहून एक शब्द तरी बोलायला हवा होता.

हॉलच्या कोपऱ्यात माझ्या शिलाई मशीनला लागून त्याचं मशीन उभं आहे. मी तीस वर्षं ब्लाउज शिवते, मुलींना कटिंग शिकवते. तीन वर्षांपूर्वी दिगू एक आख्खी दुपार माझ्या मशीनची सुई खालीवर होताना बघत बसला होता. मला वाटलं, आईचं कौतुक चाललंय. कसलं काय! महिन्याभरात त्याने दोन जुन्या प्रिंटरच्या मोटरी, प्लायवूड आणि ड्रॉवरच्या पट्ट्या जोडून एक सांगाडा उभा केला. त्यात एक बारीक तार पितळी नळीतून टरटर खालीवर होते आणि लॅपटॉपवर काढलेल्या चित्राप्रमाणे फोमच्या शीटमधून विमानाचे भाग कापून काढते. "थर्मोकोल चांगलं कापतं रे," असं मी म्हटलं की तो चिडायचा. "थर्मोकोल नाही आई, फोम!"

ती विमानं घरात, हॉलमध्ये उडवायची असतात. बिस्किटांच्या छोट्या पुड्याएवढंही वजन नसतं. दर रविवारी अशी विमानं उडवणाऱ्यांचा ग्रुप एका बॅडमिंटन हॉलमध्ये जमायचा. पंखे बंद, खिडक्या बंद, कारण वाऱ्याची झुळूक आली तरी विमान भरकटतं. मी एकदाच गेले होते आणि घामाने चिंब होऊन परत आले. पण दिगू मधोमध रिमोट घेऊन उभा होता आणि त्याच्या डोक्याभोवती ते विमान इतकं सावकाश फिरत होतं की मला पायात चपला आहेत याचंही भान राहिलं नाही. तिथे चपला घालून जायचं नसतं. नंतर तिथल्या माणसाने मला ऐकवलं.

गुरुवारी दुपारी मी सृष्टीला बोलावलं. ती त्याच ग्रुपमधली, दिगूची मैत्रीण. तिने आधी दार वाजवलं. "दिग्या, मी आहे रे. ओपन कर ना, प्लीज." दहा मिनिटं उभी राहिली आणि डोळे पुसत माझ्याकडे आली.

"काकू, तो माझे मेसेजपण बघत नाहीये."

"ते राहू दे. मला हे मशीन चालवायला शिकव."

"तुम्ही?"

"का? सुई मला नवीन आहे का?"

तिने दाखवलं. लॅपटॉप सुरू करायचा, फाइल निवडायची, शीट चिकटपट्टीने घट्ट बसवायची, स्टार्ट दाबायचं. "बाकीचे आकडे आहेत तसेच ठेवा हं, काकू," असं जाताना बजावून गेली.

मला वाटलं, मशीनचा आवाज त्याच्या कानावर पडला तर तो उठेल. त्याच्या वस्तूला त्याच्या परवानगीशिवाय कोणी हात लावला की तो लहानपणापासून तणतणत यायचा. मला तो तणतणलेला चालणार होता. शिव्या दिल्या असत्या तरी चालल्या असत्या.

स्टार्ट दाबण्याआधी पडद्यावर एक चौकट दिसली. रेषेच्या किती बाहेरून कापायचं, असं इंग्रजीत लिहिलं होतं. तेवढं मला वाचता येतं. आत आकडा होता शून्य पूर्णांक तीन मिलिमीटर. मी कपाळाला हात लावला. इंजिनियर झाला पण एवढं कळू नये? तीस वर्षांत मी एकही तुकडा रेषेवर कापलेला नाही. शिवण कुठून घालणार? मी तिथे सहा घातले. पाव इंच. नाजूक काम आहे म्हणून तेवढंच.

तार टरटर करायला लागली. आवाज कोरडा वाटला म्हणून मी नळीवर मशीनच्या तेलाचा थेंब सोडला, तसा तो मऊ झाला. मी दाराकडे बघत उभी होते. दारामागे काहीच हललं नाही.

पंख निघाले, शेपटी निघाली, पोट निघालं. पोटाला एक फट असते, तिच्यातून पंख आरपार घालायचा. जाईचना. फट आखूड आणि पंख रुंद. जोर लावला तर पोट तडकलं. शुक्रवारी सकाळी नवी शीट लावून पुन्हा कापलं. पुन्हा तेच. तोवर तिसऱ्या दिवसाचं ताटही तसंच राहिलं होतं.

"काय चाललंय हे?" दिगूच्या बाबांनी विचारलं.

"विमान करतेय."

"तो आत उपाशी आहे आणि तू विमान करतेयस?"

"मग तुम्ही काय करताय? खुर्ची राखताय!"

ते गॅलरीत गेले. पाठमोरे उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. तोंडातून गेलेला शब्द गिळता येत असता तर मी तो तिथल्या तिथे गिळला असता. जाऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता. तेवढं बळही माझ्यात उरलं नव्हतं.

दुपारी मी दाराशी जमिनीवर बसले. फोमची शीट तीन मिलिमीटरची, दाराखालच्या फटीतून सहज सरकते. मी पंख आत सरकवला.

"दिगू, हे बसत नाहीये रे. काय चुकलं ते बघ ना जरा."

मग शेपटी सरकवली, मग पोटाचे तुकडे. मी तासभर बोलत होते. कुणाच्या ब्लाउजची बाही उलटी लागली, खालच्या मजल्यावर कोण राहायला आलं, काय वाटेल ते. शेवटी बोलण्यासारखं सगळं संपलं आणि फक्त खरं तेवढं उरलं.

"उद्या सकाळी पृथ्वीराज येणार आहे. ते दार ढकलणार आहेत, दिगू. मला ते नकोय. तुला बोलवत नसेल तर नको बोलूस, नुसतं दार वाजव. एकदा वाजव. मी इथेच बसलेय."

आतून आवाज आला. पण दार वाजल्याचा नव्हे. फोम मोडल्याचा. कट्. थोड्या वेळाने पुन्हा, कट्. मी दिलेलं तो मोडून टाकत होता. मला उत्तर मिळालं होतं. मी भिंतीला धरून उठले आणि मशीनचं बटण बंद केलं. ती रात्र कशी गेली ते विचारू नका.

शनिवारी साडेआठला पृथ्वीराज आला. चहा घेतला आणि कप हातात धरून तसाच बसला. त्याच्या तोंडाला चव नव्हती, हे दिसत होतं. दिगूबरोबर क्रिकेट खेळून मोठा झालेला मुलगा तो. सव्वानऊला दिगूच्या बाबांनी घड्याळाकडे बघितलं आणि दाराशी जाऊन हाक मारली. "दिगू, बाळा, आम्ही दार ढकलतोय. मागे हो."

मी मध्ये जाऊन दाराला पाठ लावून उभी राहिले.

"दीपमाला, बाजूला हो."

"नाही."

"मामी, प्लीज. उशीर होतोय," पृथ्वीराज म्हणाला.

"पाच मिनिटं थांब."

"पाच मिनिटांनी काय होणार आहे?" दिगूचे बाबा ओरडले. सदतीस वर्षांच्या संसारात ते माझ्यावर असे कधी ओरडले नव्हते. त्यांनी माझा दंड धरला. मी कडी घट्ट पकडली. बाई म्हणून, आई म्हणून माझी काय शोभा होत होती देव जाणे, पण सोडलं नाही.

तेवढ्यात माझ्या टाचेला काहीतरी लागलं.

खाली बघितलं तर दाराखालून फोमचा पांढरा तुकडा बाहेर येत होता. हळूहळू, अडखळत, कुणीतरी बोटाने ढकलत असल्यासारखा. मी खाली बसले आणि तो ओढून घेतला. माझाच पंख होता. त्याच्या कडेने, पाव इंच आतून, निळ्या पेनाची रेघ सगळीकडे फिरवलेली होती. दोन ठिकाणी त्या रेघेपर्यंतची कड मोडून काढलेली होती. काल ऐकलेला कट् कट् आवाज तो होता. मधोमध त्याच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'आई, याला शिवण नसते. कडेला कड चिकटवतात. रेषेवरच काप.'

मी ते दोनदा वाचलं. मग मला असा राग आला की बोलायची सोय नाही.

"मग काल नाही का सांगायचं?" मी दारावर थाप मारली. "दोन शीट फुकट घालवल्या मी! तुझं तोंड काय भाड्याने दिलंय का रे?"

दिगूचे बाबा माझ्याकडे बघतच राहिले. पृथ्वीराजने कप खाली ठेवला. आणि आतून खोकल्यासारखा आवाज आला. हसण्याचा असेल असं मी म्हणत नाही. मग टेबलाचा पाय फरशीवर घासला. थोडं थांबून पुन्हा घासला. त्याच्याच्याने ते एकदम सरकत नव्हतं. पृथ्वीराज पुढे झाला, मी हाताने त्याला थांबवलं. त्याचं त्यालाच सरकवू दे.

दार वीतभर उघडलं. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले, अंगावर पहिल्या दिवसाचाच चेक्सचा शर्ट. गळ्याशी हाडं वर आली होती. मीच त्याच्या मापाने शिवलेला शर्ट त्याच्या अंगावर दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. त्याने पृथ्वीराजकडे बघितलं नाही, बाबांकडेही नाही.

"आई, काही खायला गेलं की घशाखाली उतरतच नाही गं," तो म्हणाला. "मला बरं नाहीये. मला घेऊन चल."

मी त्याच्या दंडाला धरलं. पृथ्वीराजने चपला आणून त्याच्या पायांसमोर ठेवल्या आणि खाली वाकून स्वतःच त्यात त्याचे पाय घातले. दिगूच्या बाबांना किल्ल्या सापडेनात. त्या त्यांच्या हातातच होत्या.

आम्ही चौघं लिफ्टमध्ये शिरलो. दिगूने आरशात बघितलं आणि मान फिरवून माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. बाबांनी घाईघाईत बटण दाबलं. लिफ्ट वर जायला लागली, तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. सहाव्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा समोर कुणाच्या तरी दारातली तुळस दिसत होती. बाबा तिच्याकडे बघत उभे राहिले.

"बाबा, आपल्याला खाली जायचंय," दिगू म्हणाला, आणि हात लांब करून त्याने तळमजल्याचं बटण दाबलं.