तोबऱ्याच्या तळाशी राहिलेली पाने

मी एक जुना तोबरा आहे, मित्रांनो, आणि माझा राग अजून गेलेला नाही.

घास कोंबून तुमचे गाल फुगले की आई म्हणते, "तोबरा भरलास का रे?" ते नाव माझे. घोड्याच्या तोंडाला बांधून त्यात हरभऱ्याची चंदी घालतात, ती जाड कापडाची पिशवी म्हणजे मी. माझा जन्म धारचा. तिथल्या एका मोतद्दाराच्या, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्या माणसाच्या मुलीने मला शिवले. तिचे नाव सुभद्रा. तिने जुन्या तंबूचे कापड घेतले, दुहेरी टाका घातला, आणि घोड्याला श्वास घेता यावा म्हणून नाकाजवळ बारीक भोके पाडून त्यांच्या कडा सुताने बांधल्या. तिचे वडील खंडोजी यांनी मला उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "तळ जरा खोल झालाय."

"चंदी सांडत नाही त्यानं, आबा."

"बरं, बरं. आता लाखीला विचारू."

लाखी ही लाखेच्या रंगाची घोडी. पुढे ती देवासच्या एका मानकऱ्यांनी घेतली. ती दुसऱ्या कोणाला अंगाला हात लावू देईना, म्हणून खंडोजींनाही त्यांनी चाकरीला घेतले, आणि लाखीच्या गळ्यात लटकत मीही देवासला आलो. मानकऱ्यांचे नाव गोपाळराव.

चार वर्षे सुखाची गेली. खंडोजी चंदी माझ्यात घालण्याआधी सुपात पाखडीत, खडा निघाला तर स्वतःशीच चिडत. हरभरा हाताला नीट मऊ लागेपर्यंत भिजला नसेल तर लाखीला थांबावे लागे. गोपाळराव पाहुण्यांना सांगत, "आमच्या पागेत घोडी आजारी पडतच नाही." त्यामागे कोण आहे हे मात्र कधी सांगत नसत. खंडोजींना त्याचे काही वाटत नसे. मला वाटे.

मग एकोणीसशे सहाचे नवरात्र आले. सुभद्राचे लग्न होऊन ती धारलाच सासरी होती. त्या वर्षी चार दिवस वडिलांकडे आली होती.

गोपाळरावांच्या घरी एक रीत होती. खंडेनवमीला शस्त्रांची आणि घोड्याची पूजा झाली की घटातले कोवळे अंकुर घोड्याला चारायचे. तेवढेच. पोपटी गव्हाच्या चार काड्या, त्यांनी कोणाचे काय बिघडणार! पण त्या वर्षी नऊ दिवसांचे निर्माल्य टोपलीत साठले होते. देवीला वाहिलेले पायदळी येऊ नये, म्हणून गोपाळरावांनी अंकुरांबरोबर ती सगळी टोपलीच पागेत आणली आणि माझ्यातल्या गूळ घातलेल्या चंदीवर स्वतःच्या हाताने उपडी केली. त्यात कण्हेरीच्या माळा होत्या. पानांसकट.

खंडोजी वाकून पाहू लागले. "सरकार, ही कण्हेर आहे. जनावराला सोसायची नाही."

"देवीचा प्रसाद आहे, खंडोजी."

"अंकुर घालतो की. माळा तेवढ्या काढून..."

"तू देवीपेक्षा शहाणा झालास का? बांध तोबरा."

भोवती पाहुणे होते. खंडोजींनी मला बांधले.

ओली कण्हेर कडू असते. शहाणे जनावर तोंड फिरवते. पण सुकली की कडूपणा कमी होतो आणि विष तेवढेच राहते. वर गुळाचा वास. लाखी खाऊ लागली. गोपाळराव तलवारींच्या पूजेकडे वळले आणि तेवढ्यात खंडोजींनी मला तिच्या तोंडावरून उतरवले. निम्मेही खाऊन झाले नव्हते. उरलेले फेकावे, तर देवीचे. ते त्यांच्याने फेकवेना. त्यांनी मला तसेच खुंटीला टांगले.

दुपार कलली आणि लाखी पुढच्या पायाने जमीन उकरू लागली. वळून पोटाकडे पाहू लागली. अंगाला घाम, पण कान थंडगार. लीद पातळ झाली, मांड्या थरथरू लागल्या. पागेत धावपळ उडाली, आणि मित्रांनो, पहिला प्रश्न काय विचारला गेला असेल? "कोणी केलं?" तिने काय खाल्ले, हे एकाही तोंडातून आले नाही. उत्तर त्याच भिंतीवर, माझ्या पोटात होते.

"सोमलाचं विष घातलंय कोणीतरी," गोपाळराव म्हणाले. मग त्यांची नजर खंडोजींवर थांबली. "सकाळी तूच म्हणालास ना, सोसायचं नाही म्हणून? तुला आधीच कसं ठाऊक?"

"सरकार, कण्हेर..."

"देवीवर आळ घेतोस? आणि तोबरा मधेच का काढलास? काय लपवायचं होतं?"

खंडोजींनी सावध केले, तो पुरावा झाला. त्यांनी घोडीचा जीव राखायला मला उतरवले, तोही पुरावा झाला. इतक्या वर्षांत मला याहून उफराटा न्याय दिसला नाही. खंडोजींना चंदीच्या कोठीत कोंडून बाहेरून कडी घातली. मग कोणाच्या तरी सल्ल्याने लाखीला मिऱ्याची दारू पाजली आणि पोटशूळ उतरावा म्हणून तिला अंगणात पळवू लागले. आणि जाता जाता गोपाळरावांनी हुकूम सोडला, "तो तोबरा चुलीत घाला."

सुभद्रा दाराशीच उभी होती. तिने मला खुंटीवरून काढले, पदराखाली घेतले आणि पागेच्या मागच्या वाटेने निघाली. तळ्यापलीकडे उमाशंकर सालोत्री राहत. सालोत्री म्हणजे घोड्यांचे वैद्य. सणाचे जेवण होऊन ते आडवे झाले होते.

"आज नवमी आहे, बेटी. आजारी तरी कोण पडलं?"

तिने मला त्यांच्यापुढे उलटे केले. भिजलेल्या हरभऱ्याबरोबर चार सुकलेली फुले आणि बरीचशी पाने पडली. उमाशंकरांनी एक पान उचलून उजेडात धरले. लांब, चिवट, मधोमध जाड शीर.

"कनेर," ते म्हणाले, आणि चपला न घालताच निघाले.

अंगणात येताच ते ओरडले, "थांबवा! अरे भिया, पळवताय काय तिला? हिचं काळीज डळमळलंय!"

"आधी गुन्हेगाराचं बघू द्या," गोपाळराव म्हणाले.

"तो कोंडलेला आहे ना? मग तो कुठं पळतोय! पळून चाललीय ती घोडी. आधी तिच्याकडे बघा."

त्यांनी लाखीच्या जबड्याखाली तीन बोटे ठेवली. नाडीचा एक ठोका लागे, मग नुसतीच पोकळी, मग दोन ठोके घाईघाईने. लिदीत काडीने शोधून त्यांनी चावलेल्या पानाचा तुकडा काढला आणि माझ्या तळाशी अजून चिकटलेल्या पानांबरोबर फडक्यात बांधला. "हे कोणी धुवायचं नाही, टाकायचं नाही. सोमल आहे की नाही ते नुसत्या डोळ्यांनी मी सांगू शकत नाही. पण कनेर आहे, हे आंधळाही हात लावून सांगेल."

दारू बंद झाली. गव्हाणीतले सगळे काढून टाकले. सुभद्राने लाकडी कोळसे पाट्यावर वाटले, इतके बारीक की बोटाला कण लागू नये. ते पाण्यात कालवून बांबूच्या नळीने थोडे थोडे पाजायचे होते. मान फार उंच न करता, प्रत्येक घोट गिळू देत. घाई केली तर ते छातीत जाईल, असे उमाशंकर म्हणाले. पण लाखी कोणाला तोंड धरू देईना. तिने एकाला भिंतीवर दाबले.

"कडी काढा," उमाशंकर म्हणाले.

"विष घालणाऱ्याच्या हातून औषध?" गोपाळराव उसळले.

"मग तुम्ही पाजा, रावसाहेब. या."

गोपाळराव आले नाहीत. कडी निघाली. खंडोजी थेट लाखीकडे गेले. त्यांनी लाखीच्या कपाळावर तळहात ठेवला, तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून नळी सारली आणि ती गिळू लागली. काळे पाणी त्यांच्या बाहीवरून ओघळत होते. चौथ्या दिवशी तिची नाडी सरळ लागली. कोवळे गवत पाहून तिने कान टवकारले.

इथे गोष्ट संपली असती, तर मी शांतपणे कुजून गेलो असतो.

गोपाळरावांनी पेढे वाटले. देवीच्या कृपेने घोडी वाचली, असे सगळीकडे सांगितले. उमाशंकरांनी ते फडके त्यांच्यापुढे उघडले, तेव्हा गोपाळराव दार लोटून हळू आवाजात म्हणाले, "घरची पूजा आहे. पोटशूळ होता म्हणा."

"मी पाहिलं तेच म्हणेन."

"तुम्ही म्हणा. ऐकणार कोण?"

मग त्यांनी चार माणसांदेखत खंडोजींना बोलावले. "सणाचे दिवस आहेत. झालं ते झालं. जा, तुला माफ केलं. कामाला लाग."

खंडोजींनी विचारले, "माफी कशाची, सरकार?"

खंडोजींनी लाखीच्या मानेवरून एकदा हात फिरवला, मला खांद्यावर टाकले आणि बापलेक धारच्या वाटेला लागले. मागून लाखी खिंकाळली. त्यांनी वळून पाहिले नाही. पाहिले असते तर पाय उचलला नसता.

निर्दोष माणसाला माफ करणे किती सोपे असते, मित्रांनो! चूक करणारा मोठ्या मनाचा ठरतो आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो गुन्हेगार. ती माफी खंडोजींच्या आधी धारला पोचली होती. ते ज्या पागेत जात तिथे विचारत, "देवासचा खंडोजी तो हाच ना? विष घालून सुटलेला?" उमाशंकरांनी दोन ठिकाणी चिठ्ठी दिली, लोकांनी ती वाचली आणि मान डोलावून परत केली. ज्या हातांनी खडा न्‌ खडा वेचला, त्या हातांना पुन्हा कोणी घोडा दिला नाही. ते गवताचे भारे विकू लागले. भाऱ्यात चुकूनही रानटी पाला येऊ नये म्हणून पेंढी सोडून पुन्हा बांधत. गिऱ्हाइके हसत.

पाच वर्षांनी ते गेले. तेराव्याला आलेला एक जुना मोतद्दार पानावर बसून म्हणाला, "माणूस लाख होता. ती एक चूक सोडली तर..."

सुभद्राच्या हातात वाढायचे भांडे होते. तिने त्याच्या पानावर भात वाढला, भांडे खाली ठेवले, खुंटीवरून मला आणले आणि त्याच्यापुढे धरले. "काका, यात काय होतं आणि ते कोणी घातलं, ते ऐकूनच जेवा." तिने सगळे सांगितले. आवाज चढवला नाही. पंगतीत कोणी घास उचलला नाही.

तेव्हापासून दर खंडेनवमीला ती मला काखेत घेऊन धारच्या टांग्यांच्या अड्ड्यावर जाते. माळा घातलेल्या घोड्यांच्या तोबऱ्यांत कोपरापर्यंत हात घालून बघते. परवा एका टांगेवाल्याने तिला अडवले.

"मावशी, हात कशाला घालता? प्रसाद आहे तो."

"प्रसाद तुझ्या कपाळाला लाव, भिया," ती म्हणाली आणि मूठभर पाने बाहेर काढली. "घोड्याला गवत घाल."

तो हसला नाही. तिच्या हातातल्या पानांकडे त्याने पाहिले आणि विचारले, "हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"खंडोजींनी. माझे वडील. देवासच्या पागेत होते."

मी आता विरलो आहे. चंदी घातली तर सांडेल. तुमच्याकडे मागायचे ते एवढेच. तुमचे जनावर कधी असे थरथरू लागले, तर त्याला पळवू नका, मनाने काही पाजू नका. पुढ्यातले काढून जपून ठेवा आणि जाणत्याला बोलवा. कोणाकडे बोट दाखवण्याआधी तोबऱ्याच्या तळाशी हात घाला. आणि तुम्हाला सावध करणारा माणूस दिसला, तर त्याला कोठीत कोंडू नका. त्याचे ऐका.

त्याचे नाव खंडोजी होते. त्याने विष घातले नव्हते.