नऊ नंबरची पेज

“प्रमोददादा, चार नंबरचं इन्सुलिन पाच नंबरच्या कागदावर आलंय! मी बघितलं म्हणून, नायतर दिलंच असतं,” सिस्टर तेजल धापा टाकत म्हणाली.

खेडच्या त्या खासगी दवाखान्याचे कॉम्प्युटर प्रमोद जाधव एकोणीस वर्षं सांभाळत होते. पहाटे सिस्टीमचं नवं अपडेट आपोआप चढलं आणि बेड-औषधांचा मेळ सुटला. यावर उपाय एकच, सगळं ठीक असतानाची जपून ठेवलेली नक्कल परत चढवायची.

“मग चढवा की, जाधव. वाट कसली बघताय?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

नक्कल होती, पण पंधरा दिवसांपूर्वीची. त्यानंतरची गेल्या आठवड्यात, खंडेनवमीला घ्यायची होती. पण सिस्टरांनी सर्व्हरला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि आज यंत्राला हात लावायचा नाही, असा दमही भरला. प्रमोदांच्या घरी पूजाअर्चा नव्हती, तरी कुणाचं मन कशाला मोडा, म्हणून ते गप्प बसले. भिडस्त माणूस! दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नऊ नंबरच्या बेडवर त्यांची आई, यमुनाबाई, गेली. मग नक्कल कुणाला आठवतेय?

आता ती जुनी नक्कल चढवली, की आई पुन्हा ‘दाखल’ दिसणार आणि ती गेल्याची नोंद पुन्हा करावी लागणार. प्रमोदांना ते नको होतं, अगदी नको होतं. पण पाच नंबरच्या म्हाताऱ्याचा जीव त्याहून मोठा होता. त्यांनी बटण दाबलं.

औषधं जागेवर आली. मग पंधरा दिवसांचे कागद समोर घेऊन ते एकेक नोंद भरत बसले. नऊ नंबर त्यांनी मागे ठेवला.

“दादा, ती नोंद मी करते,” तेजल हळूच म्हणाली.

“नको. चूक माझी आहे.”

अकराला स्वयंपाकघरातल्या गंगुबाई वाटी घेऊन दारात आल्या.

“भाऊ, आमच्या कागदावर तुमच्या आयशीचा नाव आलाय. पेज न् मेतकूट. बेडवर तर कोण नाय. काय करू मी हिचा?”

“द्या इकडे.”

प्रमोदांनी तिथंच बसून सगळी पेज प्यायली. वाटी धुऊन गंगुबाईंच्या हातात दिली. मग नऊ नंबर उघडला आणि आईच्या मृत्यूची वेळ भरली.