शेवाळाचं नातवंड

चंद्राबाई करवंटीनं विहिरीचा काठ खरवडत होती. जनी पोटुशी, त्यात आजच थळला आलेली; तिचा पाय घसरला म्हणजे?

जनी तिची सावत्र लेक. अंगणात खेळायच्या वयात हाती आली आणि पहिल्या दिवसापासून मावशी म्हणत राहिली. बापामागं चंद्राबाईनं सुकी मासळी विकून तिला शिकवलं, अलिबागच्या शाळेत शास्त्राची बाई केलं, पण हाक काही बदलली नाही. बरं, चंद्राबाईनं तरी ‘आई म्हण’ असं तोंड उघडून सांगावं की नाही? नाव नको! आता मात्र जीव टांगणीला लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, आणि जनीची सख्खी आजी मुरुडहून निरोपावर निरोप धाडत होती, पोरीला आजोळी पाठवा म्हणून.

जनीनं येऊन तिचा हात धरला. सगळं खरवडू नको, वर्गात दाखवायला थोडं हवं, म्हणाली. शेवाळ दाखवायला शाळा लागते होय, असं पुटपुटत चंद्राबाई वाकली. हिरव्या गालिच्यावर केसासारखे तांबूस दांडे उभे, टोकाला इवलंसं बोंड. हे कुठलं मेलं बांडगूळ, तिला वाटलं.

बांडगूळ नव्हे, जनीनं समजावलं, खालच्या हिरव्या शेवाळाचीच लेक ती. रूप अगदी निराळं, पण जन्मभर आईतच पाय रोवून उभी, तिच्याच जिवावर जगते. बोंड फुटलं की भुकटी उडते, आणि भुकटीतून उगवतं ते पुन्हा हिरवंगार, थेट आजीवर गेलेलं.

आजी म्हटल्यावर चंद्राबाईला मुरुडच आठवलं. तिनं करवंटी खाली ठेवली. "मंग बाळंतपनाला मुरुडला जाशील ना?"

"मुरुडला कशाला? हितंच."

"ती सख्खी हाय गो तुजी."

जनी काठावर टेकली. "मावशे, माजी जीभ आता न्हाय वळायची. लहानपनी वळली तशीच ऱ्हायली. पन पोटातलं हे तुला मावशी न्हाय म्हननार. आजीच म्हनंल."

चंद्राबाईनं पदर डोळ्यांना लावला. इतकं सुख तिला झेपेना.

"आनि न्हाय म्हनलं तर?"

"तर माज्यावर गेलं समज."

रडता रडता चंद्राबाई खुदकन हसली.