कोरडाच द्या

“बुडवू नका, फादर. मला कोरडाच द्या.”

सांतान बारदेस्कर बोलायला गेला हळूच. पण उद्यमनगरातल्या कारखान्यात वीस वर्षं लेथ मशीनच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय. अख्ख्या चर्चला ऐकू गेलं. ख्रिस्तप्रसादाची रांग जागीच थबकली.

साल अठ्ठ्याण्णवचं. आधीचे फादर प्रसाद कोरडाच देत; नव्या फादरांना येऊन आठवडाच झाला होता. प्रसादाच्या भाकरीची पांढरी चकती ते द्राक्षारसात, म्हणजे वाइनमध्ये, बुडवून प्रत्येकाच्या जिभेवर ठेवत. गेल्या रविवारी नुसत्या त्या वासानं सांतानच्या तोंडाला पाणी सुटलं आणि तो घाबरून बाकावरच बसून राहिला. तिथंच चुकलं. जो प्रसाद घेत नाही त्याच्या माथी मोठं पाप, हे इथं शेंबडं पोरही जाणतं. मिस्साची उपासना संपायच्या आत निकाल लागला: सांतान पुन्हा प्यायला लागला! त्याची बायको कातरीन घरी येऊन रडली. तिलाही खरं वाटलं होतं, आणि तेच त्याला सगळ्यात जास्त लागलं. नऊ महिने शिवला नव्हता तो बाटलीला!

“थेंबच आहे रे,” फादर कुजबुजले. “प्रभूचं रक्त आहे.”

“प्रभूचं हाय म्हणूनच मला त्याचं निमित्त करायचं न्हाई. माझं थेंबानंच सुरू हुतंय.”

“सांतान, भाईर जाऊन बोल की!” मागून कुणीतरी खेकसलं.

“न्हाई जाणार! नऊ म्हैनं गुत्त्यावरनं सरळ गेलोय, आन् हितनं मागं फिरू व्हय?” तो पुन्हा फादरांकडे वळला. “पापाची कबुली द्यायला गेलतो, तवा आदल्या फादरांनी सांगितलं. तलफ येणं पाप न्हाई, आजार हाय. ठावं असून तोंडाला लावणं, ते पाप. आन् नुसत्या भाकरीतबी सगळा येशू हाय, हे तुम्हीच शिकवता की. मग मी अर्धा ख्रिस्ती कसा?”

फादरांनी द्राक्षारसाचा प्याला बाजूला घेतला आणि कोरडी चकती पुढं केली. “ख्रिस्ताचं शरीर.”

“आमेन,” सांतान म्हणाला, तेही ओरडूनच.

प्रसाद घेऊन परतताना मान खाली घालायची रीत. त्यानं ती मोडली. एकेकाच्या डोळ्यांत बघत तो चालू लागला. कातरीन पदरानं डोळे पुसत होती.

एवढ्यात मागून वेदीपाशी कुणीतरी घसा खाकरला.

“फादर, मलाही... कोरडाच.”

आवाज ओळखीचा होता. ज्याच्यावर कधी कुणाला पिण्याचा संशयही आला नव्हता, असा माणूस. साऱ्या चर्चच्या माना तिकडे वळल्या.

सांताननं मात्र मागं पाहिलं नाही. मान खाली घातली आणि तो आपल्या जागेवर जाऊन बसला.